शांतवनकाका आणि पौलाचं कलम

चालू उपदेशात उभं राहून प्रेषित पौलाला खोडून काढणारा माणूस आमच्या कवठे महांकाळच्या चर्चमध्ये एकच. शांतवनकाका. मी त्यांच्याच बाकावर बसतो, त्यामुळे ते उठायला लागले की त्यांचा सदरा धरणं हे माझं काम. आजवर तो वेळेत हाती लागलेला नाही.

काकांचा जन्म द्राक्षबागांची कलमं भरण्यात गेला. आमच्याकडे मूळ जंगली वेलाचं धरतात आणि त्यावर चांगल्या जातीची काडी बांधतात. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात पौल लिहितो ते बरोबर उलटं. यहूदी म्हणजे चांगलं जैतुनाचं झाड, आपण परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेले, रानटी फांदी. देवानं काही मूळच्या फांद्या तोडल्या आणि दयेनं आपल्याला तिथं जोडलं.

"ह्ये न्हाई चालायचं," काका म्हणायचे. "पौल तंबू शिवणारा माणूस. त्यो बागंत कवा गेलता?"

शेवटी उपदेश करणाऱ्या पाळकसाहेबांनी त्यांना पुढचं वचन दाखवलं. हे निसर्गाच्या उलट आहे, असं पौल स्वतःच म्हणतो. काकांनी त्या ओळीवर बोट ठेवून ती पुन्हा वाचली.

"म्हंजे त्येला म्हाईत हुतं," ते म्हणाले. "आपल्यासारखी रानटी काडी कोण आणून लावंल? देवानं लावली."

तेव्हापासून त्यांना दुसरंच वेड लागलं. आम्ही मिशनच्या काळापासूनचे ख्रिस्ती, असं म्हणून कुणी मिशीला पीळ दिला की काका त्याला गाठणारच. "आवं, मूळ तुमाला पोसतंय. तुमी मुळाला न्हाई." लग्नाच्या पंगतीतसुद्धा सोडत नसत. माणसं त्यांना लांबून बघून वाट बदलायची.

एवढी दया सांगणारे काका थोरल्या मुलाचं, दानिएलचं, नाव मात्र घरात काढू देत नसत. दानिएलनं सांगलीच्या जैन मुलीशी लग्न केलं आणि चर्च सोडलं. "तू माझा न्हाईस," असं काकांनी त्याला भर अंगणात सांगितलं होतं. मला त्यांचा रागच यायचा.

गेल्या रविवारी पाळकसाहेब त्याच अध्यायाच्या शेवटाकडे आले. तोडलेल्या फांद्यांनाही देव पुन्हा जोडू शकतो, कारण त्याला सगळ्यांवरच दया करायची आहे, असं ते सांगत होते. काका उभे राहिले. मी हात पुढे केला आणि का कोण जाणे, थांबलो.

"तोडलेली काडी वाळती, सायब," काका हळू आवाजात म्हणाले. "इतकी वर्सं झाल्यावर बी जोडतो का त्यो?"

"जोडतो, काका."

"आन तोडणारा बापच असला तर?"

पाळकसाहेबांनी बायबल मिटलं. मग ते म्हणाले, "तर बापानं आधी जावं."

उपासना सुटल्यावर काकांनी दारातच माझा फोन मागितला. "माझा नंबर बघून दानिएल उचलत न्हाई," ते म्हणाले. म्हणजे काका आधीपासूनच फोन लावत होते, हे मला तेव्हा कळलं.

फोन लागला. पलीकडून "हॅलो" आलं. काकांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"मी हाय रं," ते म्हणाले. "ठिवू नगंस."

दानिएल काही बोलला नाही. पण त्यानं फोन ठेवलाही नाही, आणि काका तसेच तो कानाला लावून उभे राहिले.