धोंडूकाका माल तपासतात

माझ्या लग्नाच्या निम्म्या फोटोंत माझ्या पाठीवर निळ्या खडूची फुली आहे. ती धोंडूकाकांनी काढली. कोटाचा एक धागा सुटलेला त्यांना दिसला आणि त्यांचा हात गप्प बसेना. मागची मंडळी माझा रुबाब बघून खूश झाली आहेत, अशा समजुतीत मी तासभर ताठ उभा होतो.

धोंडूकाका डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत राहतात. गिरणीत ते कापड तपासायचे. ठाण उजेडात धरायचं, दोष दिसला की खडूने खूण. संपानंतर गिरणी गेली, पण खूण करायची सवय गेली नाही. पापड असो, पंचांग असो की कुणाच्या मुलीसाठी आलेलं स्थळ, काका म्हणणार, "उजेडात धर बघू." मग ठरलेला शेरा: "माल बरा हा, पण पास नाय." काकी होत्या तोवर त्यांच्या सोलकढीलाही हाच शेरा मिळायचा. वाटी मात्र तीनदा भरायची.

मी आणि माझा मित्र प्रशांत, आम्ही दोघांनी मिळून एक व्हिडिओ गेम केला. चित्रं सगळी मी हाताने काढलेली. भाला घेतलेली एक मुलगी कड्यांवरून उड्या मारते, राक्षस लोळवते, आणि लोळवता लोळवता तिची ताकद वाढते. तिच्यामागून एक म्हातारा कंदील घेऊन चालतो. त्याला उड्या जमत नाहीत. प्रत्येक खड्ड्यापाशी मागे येऊन त्याच्यासाठी दोर सोडावा लागतो. ज्यांनी ज्यांनी खेळून पाहिला, ते याच म्हाताऱ्याला कंटाळले. गेम विकायला द्यायला आठवडा राहिला होता आणि प्रशांत रोज म्हणत होता, "काढ रे त्याला, पब्लिक झोपतंय." मलाही ते पटलं होतं.

त्याआधी नुसतं कौतुक ऐकावं म्हणून मी काकांना टीव्हीसमोर बसवलं. ही माझी दुसरी चूक. पहिली लग्नात खडू काढून न घेण्याची.

काकांनी गेमचा रिमोट, त्यांच्या भाषेत खेळणं, हातात घेतलं, चार वेळा खड्ड्यात पडले, आणि उठून टीव्हीच्या काचेवर फुली मारली.

"हा डोंगर मघाशी येऊन गेला."

"दुसरा आहे तो, काका."

"झिला, मला शिकवतो? तोच डोंगर. झाडपण तेच."

खरं होतं. कंटाळा आला म्हणून मी एकच डोंगर तीन ठिकाणी चिकटवला होता. कुणाच्या बापाच्या लक्षात आलं नव्हतं.

"आणि पोरगी उजवीकडे बघते तेव्हा भाला उजव्या हातात. वळली की डाव्यात. मधे कधी बदलला?"

मी एकाच बाजूचं चित्र काढून ते उलटं करून वापरलं होतं.

"पाणी मात्र झकास हा," काका म्हणाले. "हाताचा माल कळतो. मशीनला असं हलतं पाणी जमायचं नाय."

मी फुगलो. त्याच भरात म्हणालो, "या म्हाताऱ्याचा पण त्रास संपेल काका. सोमवारी काढून टाकतोय."

काका खड्ड्याच्या काठावर थांबले होते. पलीकडे रस्ता मोकळा होता. त्यांनी मुलीला मागे वळवलं.

"संपात मी आणि तुकाराम रोज गेटवर बसायचो," ते पडद्याकडे बघत म्हणाले. "एकाच ठाणाची दोन टोकं धरून कामाला लागलेलो आम्ही. घरात पोरं उपाशी, म्हणून एक दिवस मी आत गेलो कामावर. त्याला न सांगता. तो गेटवरच होता. हाक मारली त्याने."

"मग?"

"मग काय. मी मान वर केली नाय. तो गेला गावाला. परत काय दिसला नाय."

त्यांनी दोर सोडला. कंदीलवाला सावकाश चढू लागला.

"दोष सांगितले तेवढे काढ," काका म्हणाले. "हा दोष नाय."

मी नवे डोंगर काढले, मुलीची दुसरी बाजू काढली, म्हातारा तसाच ठेवला. प्रशांत आठवडाभर बोलला नाही. गेम बाजारात गेला तेव्हा लोकांनी लिहिलं: चित्रं सुरेख, लढाई झकास, म्हातारा फार थांबवतो. मी कुणाला उत्तर दिलं नाही. काकांनी सांगितलं नसतं, तर मी माझ्या हाताने काय कापलं असतं, ते मला कधी कळलंही नसतं.

काका अजून दुपारी येतात, खेळतात. शेवटचा राक्षस त्यांनी पाहिलेला नाही. परवा मी म्हणालो, "काका, आलाय म्हातारा वर. चला आता पुढे."

काकांनी खेळणं मांडीवर ठेवलं. "दमलाय रे. बसू दे जरा."