मुलाखतीतला जंतू

“हे कुणालाही खरं वाटणार नाही,” म्हाताऱ्यानं फोन या कानावरून त्या कानावर घेत सुरुवात केली.

मुलगी लांब राहायची. सुटीच्या सकाळी फोन करायची, तोही कपडे वाळत घालता घालता. बरे आहात ना, औषध घेतलं का, जेवलात का. या प्रश्नांना हुंकार दिले की फोन संपला. मग पुढच्या सुटीपर्यंत घरात बोलणारं कोण, तर फ्रिज. तोही एकच वाक्य घोळवणारा. म्हणून या खेपेला म्हाताऱ्यानं आठवडाभर खपून तयारी केली होती.

“मी नोकरीच्या मुलाखतीला गेलो होतो.”

पलीकडे बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. म्हातारा मनातल्या मनात खूश झाला.

“या वयात? कुठे?”

“तुझ्या आईच्या लॅबमध्ये. मदतनीस हवा म्हणून पाटी लागलीय. बाटल्या विसळायच्या, काचा पुसायच्या. अनुभव नसला तरी चालेल म्हणे. म्हटलं, अनुभव नसण्यात आपला हात कोण धरणार?”

पाटी खरी होती. बायकोनं उमेदीची सगळी वर्षं त्या लॅबमध्ये काढली होती, आणि ती गेल्यापासून दूध आणायला निघालेला म्हातारा त्या दाराशी उगीच रेंगाळायचा.

“बाबा, मला अजून चादरी पिळायच्यात.”

“पीळ की. कानानं पिळतेस का? तर आत डॉक्टर, एक बाई आणि जांभया देणारा हिशेबनीस. डॉक्टरांनी मला सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. म्हणाले, काय दिसतं ते सांगा.”

म्हाताऱ्यानं सावकाश पाण्याचा घोट घेतला. गोष्ट ताणायची होती, पण तुटू द्यायची नव्हती.

“मग?” मुलगी म्हणाली.

या एका ‘मग’साठी तर सगळा खटाटोप होता.

“डोळा लावला, तर काळेभोर, बाकदार जंतू, कवायतीला उभे राहिल्यासारखे रांगेत. मी दचकलो, तर तेही दचकले. मी स्थिर झालो, तर तेही चिडीचूप. म्हटलं, डॉक्टर, मी यांना बघत नाहीये, हे मला बघतायत.”

पलीकडे फिसकन हसू आलं.

“डॉक्टरांनी मला बाजूला सारून डोळा लावला आणि पांढरेफटक पडले. बाईंना ते दाट दिसले. हिशेबनिसाला विरळ दिसले, पण दिसले! झालं. लॅबला कुलूप, तोंडाला फडकी. वरच्या मजल्यावरचा शिंपी शिलाई मशीन डोक्यावर घेऊन जिना उतरला, मागून गिऱ्हाईक, एका बाहीच्या सदऱ्यात. आणि इकडे जंतूला नाव कुणाचं द्यायचं यावरून डॉक्टर आणि बाई हातघाईवर. मी म्हटलं, शोध माझा, नाव माझं.”

“मग?”

“मग काय, बघायची काच यंत्रात कुणी सरकवलीच नव्हती. रिकाम्या यंत्रात जो तो आपापल्या पापण्या बघत होता.”

मुलगी इतकी हसली की तिला ठसका लागला. फोनमधून का होईना, घरात हसू घुमलं, आणि म्हातारा चेकाळला. वेळेवर थांबणं त्याला जन्मात जमलं नव्हतं.

“आणि वर डॉक्टर मलाच ओरडले. म्हणाले, यंत्राला सगळं काजळ फासून ठेवलंत, आता पुसा ते. मी आपलं पदरानं...”

म्हातारा थबकला. पलीकडे चादरीतून टपटपणारं पाणी ऐकू यायला लागलं.

“बाबा,” मुलगी हळूच म्हणाली, “ही आईच्या मुलाखतीची गोष्ट आहे.”

आता फोन ठेवल्याचा आवाज येणार म्हणून म्हाताऱ्यानं डोळे घट्ट मिटून घेतले.

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“पण तिच्या गोष्टीत शिंपी नव्हता,” मुलगी म्हणाली. “तो कुठून आणलात?”