नाताळच्या जेवणाची पाहणी

एका जंगलात, नदी जिथं वळण घेते तिथं, एक कचेरी होती. वाघ-सिंहांची नाही रे, पोरांनो. ते कशाला येतील कचेरीत? ही पाणवठ्याची कचेरी. नदीवर कुणी कधी पाणी प्यायचं ते इथं ठरायचं. ठरेपर्यंत सगळे आपले नदीवर जाऊन पाणी पिऊन यायचे. त्यामुळं कचेरीचं काम कसं अगदी सुरळीत चालायचं.

कचेरी छोटी होती. बळवंतराव गवा म्हणजे साहेब. टिटवीबाईंना सगळ्याची काळजी. चिंगोजी माकडाला कशाचीच नाही. खाडीकडून बदली होऊन आलेली मार्सेलीन बदक. आणि आपला कोंडाजी साळिंदर.

कोंडाजी हंगामी होता. हंगामी म्हणजे काय, ठाऊक आहे का? काम सगळ्यांएवढं करायचं, पण खुर्चीवर बसायचं अर्धंच. कधी ऊठ म्हणतील, नेम नाही. कोंडाजी वर्षानुवर्षं असा अर्धा बसून होता.

थंडी पडली तशी मार्सेलीन गप्प गप्प राहायला लागली. साहेबांनी विचारलं, "काय हो मार्सेलीनबाई, बरं वाटत नाही का?"

"तसं नाही साहेब. नाताळ आलाय. आमच्या खाडीवर सगळे एकत्र जेवतात. इथं मी एकटीच."

साहेबांचं शरीर केवढं, आणि मन त्याहून मोठं. ते म्हणाले, "मग आपण करू की नाताळ! सगळे मिळून बाहेर जेवू. खर्च बेताचा पाहिजे. जागा मोकळीढाकळी पाहिजे. बास."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोंडाजीनं भाबडेपणानं विचारलं, "पण साहेब, कुठं?"

झालं! कचेरीत जो विचारतो, काम त्याच्याच गळ्यात पडतं, पोरांनो. साहेब म्हणाले, "छान प्रश्न. जागा तूच ठरव. आणि ऐक कोंडाजी, हे काम नीट केलंस, तर तुला कायम करायचं माझ्या मनात आहे."

कोंडाजीचे सगळे काटे आनंदानं उभे राहिले. शेजारी बसलेल्या टिटवीबाई किंचाळून उडाल्या.

कोंडाजी सगळ्यांना विचारत फिरला. "टिटवीबाई, काय आवडेल?"

"मला काहीही चालतं. फक्त तिखट नको, तेलकट नको, उघड्यावर नको, आणि बंद जागेत माझा जीव घाबरतो."

"चिंगोजी, तुला?"

"अरे मला कुठंही चालतं! मागच्या वर्षी जिथं ठरलं होतं तिथं मात्र नको."

"मागच्या वर्षी कुठं काय ठरलं होतं?"

"तेच तर! काही ठरलंच नाही. फार कंटाळा आला."

मार्सेलीन म्हणाली, "भाऊ, सगळे शेजारी शेजारी बसले की मला पोचलं."

आता या कचेरीची एक रीत होती. पाहणी केल्याशिवाय काहीच मंजूर व्हायचं नाही. आणि पाहणी करायची तर सगळ्यांनी मिळून. एकट्याच्या डोळ्यांवर कोण विश्वास ठेवणार? तेव्हा कचेरीला कडी लावून सगळे पाहणीला निघाले.

पहिलं हॉटेल कोल्ह्याचं. फार उंची. काजव्यांचे दिवे, आणि तेही अगदी मंद. दारात कोल्हा हळू आवाजात म्हणाला, "काटे बाहेर काढून ठेवावेत."

कोंडाजी म्हणाला, "ते निघत नाहीत हो."

"मग ते झाकून या." कोल्ह्यानं त्याच्या अंगावर पडदा टाकला. पडद्याची चाळणी झाली.

आत साहेब खुर्चीवर टेकले. खुर्ची नाजूक, साहेब गवा. कड्डकन आवाज झाला. साहेब जमिनीवर बसूनच म्हणाले, "चालू द्या, चालू द्या."

मग नमुना आला. भलंमोठं ताट, आणि मधोमध एक बोर. चिंगोजीनं बोर तोंडात टाकलं आणि विचारलं, "छान आहे. जेवण कधी येणार?"

कोल्हा म्हणाला, "आपण आत्ता तेच जेवलात."

टिटवीबाईंना पाटी दिसली. पाण्याचेसुद्धा वेगळे पैसे! पाणवठ्याच्या कचेरीला पाण्याचे पैसे! तिथून सगळे जे निघाले ते टेकडी उतरेपर्यंत हसत होते. साहेबांच्या शेपटीला खुर्चीचा पाय अडकला होता, तो बराच वेळ मागून येत राहिला.

दुसरी जागा बगळ्याची, तळ्यात. तिथं हल्लीची पद्धत. उभ्यानं जेवायचं. आणि बगळ्याकडं उभं राहायचं म्हणजे एका पायावर. ताट हातात, पाय वर. आधी चिंगोजी पाण्यात पडला. त्यानं टिटवीबाईंना धरलं. त्यांनी कोंडाजीला धरलं आणि लगेच सोडलं. शेवटी साहेब पडले. तळ्यातलं पाणी काठावर आलं आणि बगळा, ताटं, गाणारे बेडूक, सगळे शेतापर्यंत वाहून गेले.

एकटी मार्सेलीन मजेत तरंगत होती. ती म्हणाली, "मला ही जागा बरी वाटली."

अशा पाहण्या करता करता नाताळचा दिवस उजाडला, तरी जागा मंजूर नव्हती. आज नाही ठरलं तर कायम होणं गेलंच, आणि बिचाऱ्या मार्सेलीनचा नाताळही गेला. सकाळभर वणवण फिरून तो एका जांभळीखाली मटकन बसला. तिथं गोदामावशी रानडुकरिणीची खानावळ होती. मावशी चुलीला फुंकर घालत होती.

"काय रे लेकरा, तोंड का असं?"

कोंडाजीनं सगळं सांगितलं. मावशी हसून म्हणाली, "घेऊन ये त्यांना संध्याकाळी. मी पैसे-बिसे घेत नाही. येताना प्रत्येकानं जळणाची एक एक मोळी आणायची, आणि पोट भरेपर्यंत उठायचं नाही. एवढंच."

संध्याकाळी सगळे मोळ्या घेऊन पाहणीला आले. साहेबांनी उत्साहाच्या भरात अख्खं वाळलेलं झाडच आणलं.

"मावशी, नमुना दाखवा," टिटवीबाई म्हणाल्या.

"नमुना कसला गं बाई? बस तिकडं पेंढ्यावर, आणि जेव!"

ज्वारीच्या गरम भाकरी आल्या. वांग्याची भाजी, ठेचा, नाचणीची आंबील. मार्सेलीन चुलीपाशी गेली आणि मावशीला म्हणाली, "नाताळला आम्ही नेवऱ्या करतो. करंज्यांसारख्याच." दोघींनी नारळ खवला, गूळ घातला आणि नेवऱ्या तळायला घेतल्या. तिखट नको म्हणणाऱ्या टिटवीबाईंनी ठेचा परत परत मागून घेतला.

मावशीनं रताळी भाजली. ताटं कमी पडली. तिनं इकडं तिकडं पाहिलं आणि रताळ्याच्या गरम फोडी कोंडाजीच्या काट्यांवर खोचल्या. "जा रे, वाढून ये."

कोंडाजी पंगतीतून फिरायला लागला. आजवर कोंडाजी जवळ आला की सगळे सरकायचे. आज सगळे त्याला ओढायला लागले. "कोंडाजीराव, इकडं या!" "अहो, जरा पाठ वळवा की!" "ती मानेजवळची माझी हं!" कोंडाजीला गुदगुल्या व्हायला लागल्या. तो हसला की फोडी उडायच्या. चिंगोजी त्या हवेतच झेलायचा.

मार्सेलीननं नाताळचं गाणं म्हटलं. साहेबांनी खालचा सूर धरला. इतका खालचा, की जांभळीची पानं गळाली. सगळे शेजारी शेजारी बसले होते. मार्सेलीन रडत होती आणि हसत होती, आणि नेवरी काही खाली ठेवत नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कोंडाजीला बोलावलं. साहेबांच्या कपाळावर आठी होती.

"कोंडाजी, नाताळच्या जेवणाचं काय झालं?"

कोंडाजी खरा माणूस. म्हणजे साळिंदर. तो म्हणाला, "झालं की साहेब, कालच. अजून पोटात आहे."

साहेबांनी लांब सुस्कारा सोडला. "झालं म्हणतोस? मग तुझं काम संपलं. काम संपलं की हंगामी माणसाला घरी पाठवायचं, असा वरचा हुकूम आहे. संपलेल्या कामावर मी कुणाला कायम कसं करू?"

कोंडाजीचे काटे एकेक करून खाली बसले.

तेवढ्यात मार्सेलीन उठली. "झालं कुठं साहेब? काल तर पाहणी होती."

"पाहणीच ती!" टिटवीबाई ओरडल्या. "आणि तीही अपुरी. मी ठेचा नीट पाहिलाच नाही."

चिंगोजी पोटावर हात फिरवत म्हणाला, "जेवणाचा तर अजून पत्ताच नाही, साहेब. उपाशी आहोत."

साहेबांची आठी सैल झाली. मिशीला लागलेला गूळ त्यांनी हळूच जिभेनं टिपला. "अस्सं! म्हणजे काम बाकी आहे तर. आणि फार मोठं दिसतंय. असलं काम हंगामी माणसाच्या हातून व्हायचं नाही. याला कायमचाच माणूस पाहिजे."

कोंडाजी कायम झाला. त्या दिवशी तो खुर्चीवर पुरता बसला. खुर्चीला भोकं पडली, पण कुणी काही बोललं नाही.

पोरांनो, त्या कचेरीचं नाताळचं जेवण अजून व्हायचं आहे. संध्याकाळ झाली की सगळे मोळ्या उचलतात आणि गोदामावशीकडं पाहणीला जातात.

तात्पर्य: हातातलं काम कधीही पुरं करू नये. काम पुरं करणारा घरी जातो, आणि बाकी ठेवणारा कायम होतो. भरल्या पोटी कुणी विचारलंच, तर तोंड पुसावं आणि म्हणावं, "छे हो, अजून जागाच ठरायची आहे."