चारशे तीनचे भाडेकरू

वडिलांचा फोन सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी आला आणि चिरंजीवांनी तो कट केला. ते एका विमा कंपनीच्या तक्रार विभागात कामाला होते आणि समोर एक बाई आपल्या जळालेल्या दुकानाचे फोटो टेबलावर मांडत होत्या. दुसऱ्यांदा आला तेव्हाही कट केला. तिसऱ्यांदा मात्र टेबलाखाली वाकून घेतला, कारण वडील एका दिवसात तीनदा फोन करणाऱ्यातले नव्हते. वर्षातून तीनदाही करत नसत.

"कामात आहेस का?" वडिलांनी विचारलं.

"हो. बोला, बाबा."

"तशी घाई नाही. बाथरूममध्ये पडलोय. उठता येत नाहीये. जमलं तर ये."

"कधी पडलात?"

"सव्वानऊला. म्हटलं, तुझी सकाळची गर्दी उरकू दे."

चिरंजीव उठले. जळालेल्या दुकानाच्या बाई म्हणाल्या, "अहो, माझं काय?" साहेब म्हणाले, "अर्धी रजा टाकून जा." बायकोला फोन लावला, पण ती शहराच्या दुसऱ्या टोकाला एका प्रयोगशाळेत होती आणि तिथे फोन आत नेऊ देत नाहीत. धावतपळत बसस्टँडवर पोचले तर चौकशीच्या खिडकीतल्या माणसाने त्यांच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं.

"तिकडे जाणारी बस? आत्ता? पहिली चार वाजता."

"अहो, पण मी अकरा वर्षं रोज जातो."

"रात्री जाता. दुपारी तिकडे कोण मरायला जातंय?"

प्रश्न अगदी रास्त होता. हे उपनगर मोठ्या शहराच्या कडेला आहे आणि शहर ते फक्त झोपण्यासाठी वापरतं. तिथे न्हाव्याचं दुकान पहाटे पावणेपाचला उघडतं आणि सहाला ओस पडतं. दात काढून घ्यायचा तर रात्री नऊनंतर. शाळेच्या पालकसभा रात्री दहाला भरतात आणि जिन्यातली भांडणं रविवारी दुपारी तीन ते पाच या वेळात उरकून घेतात, कारण सोमवारी पुन्हा बस असते. बाकी आठवडाभर दिवसा तिथे दुसरीच वस्ती नांदते, म्हाताऱ्या माणसांची आणि शेजारणींची. या दोन वस्त्या एकाच घरात राहतात, एकच साबण वापरतात आणि एकमेकींना ओळखत नाहीत.

चिरंजीवांच्या घरीही वेगळं काही नव्हतं. आई गेल्यावर, चार वर्षांपूर्वी, वडील त्यांच्याकडे राहायला आले. वडील आठला झोपायचे, चिरंजीव साडेनऊला यायचे. चिरंजीव पहाटे पाच दहाला निघायचे, वडील सहाला उठायचे. रविवारी चिरंजीव संध्याकाळपर्यंत झोपत आणि अंधार पडल्यावर बायकोबरोबर आठवड्याचं सामान आणायला जात. बोलणं व्हायचं ते फ्रिजवरच्या चिठ्ठीतून. "दूध संपलं." "आणलं." "बरं." चार वर्षांत एकदाही भांडण झालं नाही, याचा चिरंजीवांना अभिमान होता.

टॅक्सीवाले परतीचं गिऱ्हाईक मिळत नाही म्हणून येईनात. शेवटी गाद्या पोचवणाऱ्या एका टेम्पोत, मागे गाद्यांवर आडवे होऊन, चिरंजीव दीड वाजता उपनगरात उतरले. उतरले आणि हरवले.

कारण त्यांच्या गल्लीत बाजार भरला होता. रोज भरत असे आणि संध्याकाळी सातला उठत असे. रविवारी तर नसेच. त्यामुळे अकरा वर्षांत त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. दोन्ही बाजूंना ताडपत्र्या, टोपल्या, वजनकाटे. चिरंजीव आपल्याच फाटकासमोरून दोनदा गेले.

"बाई, इथे एक इमारत आहे ना," त्यांनी एका भाजीवालीला विचारलं, "निळा दिवा असलेली?"

"दिवसाढवळ्या दिवा कुठून दिसणार, साहेब? रंग सांगा."

रंग त्यांना माहीत नव्हता. भाजीवालीने त्यांच्या घामेजलेल्या चेहऱ्याकडे बघून एक भेंडी मोडली आणि टोपली जरा स्वतःकडे ओढून घेतली.

शेवटी फाटक सापडलं ते पत्रपेटीवरच्या चारशे तीन या आकड्यामुळे. पण फाटकात दिवसाचा वॉचमन होता. रात्रीचा वॉचमन चिरंजीवांना चांगला ओळखत असे, म्हणजे झोपेत हात वर करत असे. दिवसाचा जागा होता.

"कुणाकडे?"

"चारशे तीन. माझे वडील आत पडलेत. बाजूला व्हा."

आत बाकावर दोन म्हातारे बसले होते, एक निवृत्त हेडक्लार्क आणि एक निवृत्त कंपाउंडर. दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा रिकामी होती. हे ऐकून दोघेही उठले.

"चारशे तीन म्हणजे आपले ड्रॉइंगमास्तर," हेडक्लार्क म्हणाले. "सकाळपासून दिसले नाहीत खरे. पण तुम्ही कोण?"

"मी त्यांचा मुलगा."

हेडक्लार्कांनी कंपाउंडरकडे बघितलं, कंपाउंडरनी वॉचमनकडे. वॉचमनने फाटकाला आतून कडी घातली.

"मास्तरांचा मुलगा परदेशात असतो," कंपाउंडर म्हणाले.

"कोण म्हणतं?"

"मास्तर म्हणतात. चार वर्षं ऐकतोय आम्ही. मोठ्या हुद्द्यावर आहे. यायला जमत नाही बिचाऱ्याला."

"गेल्या महिन्यात पलीकडच्या इमारतीत असाच एकजण आला होता," वॉचमन म्हणाला. "आजी पडल्या म्हणाला, कपाट साफ करून गेला."

चिरंजीवांनी खिशातून ओळखपत्र काढलं. त्यावर कंपनीचा पत्ता होता, शहरातला. हेडक्लार्कांनी ते दोन्ही बाजूंनी तपासलं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत अपुरे कागद परत पाठवण्यात त्यांचा हात कुणी धरला नव्हता.

"इथे राहता ना? मग सांगा, जिन्याच्या भिंतींचा रंग कोणता?"

जिन्यातला दिवा दोन वर्षं बंद होता. चिरंजीव रोज मोबाइलच्या उजेडात पायऱ्या बघत वर जात, भिंती नव्हे. "पांढरा," ते म्हणाले.

"पिवळा," कंपाउंडर हळहळून म्हणाले. जणू त्यांना हा माणूस पास व्हायला हवा होता.

"शेजारी कोण राहतं?"

"एक... बाई आहेत. खोकतात."

शेवटचा उपाय म्हणून चिरंजीवांनी बसमधल्या सोबत्याला फोन लावला. अकरा वर्षं ते दोघे खांद्याला खांदा लावून झोपले होते. फोन स्पीकरवर टाकला.

"ओळखतो की!" सोबती म्हणाला. "तिसरी रांग, डावीकडे. घोरतात जरा."

"राहतात कुठे?" हेडक्लार्कांनी विचारलं.

"ते नाही बुवा माहीत. अंधारातून येतात आणि अंधारात जातात."

वॉचमनने काठी हातात घेतली. बाजारातली चार माणसं फाटकाशी जमली. एव्हाना चिरंजीवांचा आवाज चढला होता आणि वर चौथ्या मजल्यावर त्यांचा बाप साडेचार तास ओल्या फरशीवर पडून होता. इतक्यात खोकत खोकत शेजारच्या आजी जिना उतरून आल्या. त्यांनी डोळे बारीक करून चिरंजीवांकडे बघितलं.

"अरे, यांना का अडवलंय? हे मास्तरांचे भाडेकरू आहेत! नवराबायको दोघं. रात्री झोपायला येतात, पहाटे जातात. मास्तरांनीच सांगितलंय मला. कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"भाडेकरू होय!" हेडक्लार्कांचा चेहरा उजळला. "मग आधी सांगायचं ना तसं!"

"मी मुलगा आहे हो त्यांचा," चिरंजीव म्हणाले. आवाज रडवेला झाला होता.

"हे बघा," हेडक्लार्क म्हणाले, "भाडेकरू की मुलगा, एक काय ते सांगा. मुलगा असाल तर पोलिसांना बोलावतो. भाडेकरू असाल तर चला वर."

चिरंजीवांनी वर बघितलं. बाथरूमची छोटी खिडकी बंद होती.

"भाडेकरू," ते म्हणाले.

कडी निघाली. सगळे मिळून वर गेले. जिना खरोखर पिवळा होता.

वडील बाथरूमच्या दारात आडवे पडले होते. डावा पाय नको तिकडे वळला होता आणि ओठ पांढरे पडले होते. दारात चिरंजीव दिसले तसे त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांना मागे बाकावरचे मित्र दिसले. क्षणभर ते इकडून तिकडे बघत राहिले आणि त्यांनी घसा साफ केला.

"आलात? बरं झालं. तुम्हाला उगाच त्रास."

आयुष्यात वडिलांनी त्यांना पहिल्यांदा अहोजाहो केलं. चार वर्षं या माणसाने दहा पावलांवर झोपणाऱ्या मुलाला परदेशी पाठवून स्वतःची अब्रू राखली होती, कारण परदेशातला मुलगा भेटत नाही हे कुणालाही सांगता येतं. मित्रांसमोर ती अब्रू आता उघडी पाडायची?

"त्रास कसला, काका," चिरंजीव म्हणाले आणि त्यांनी वडिलांच्या खांद्याखाली हात घातला. वडील किती हलके झाले होते, हे त्यांना तेव्हा कळलं.

खुर्चीत बसवून चौघांनी त्यांना खाली आणलं. दवाखान्यात कळलं की खुब्याचं हाड मोडलंय, ऑपरेशन करावं लागेल, वय बघता धोका आहे. डॉक्टर आत कागद तयार करत असताना हेडक्लार्क बाहेर चिरंजीवांशेजारी बसले आणि मायेने म्हणाले, "तुम्ही आलात, फार केलंत. मुलगाही चांगला आहे हो. रोज रात्री फोन करतो. काय बोलणं झालं ते मास्तर सकाळी सांगतात आम्हाला. परवा विचारत होता म्हणे, गुडघा कसा आहे."

"गुडघ्याला काय झालंय?"

"तुम्हाला कसं माहीत असणार? वर्ष झालं. जिना उतरताना रडकुंडीला येतात."

चिरंजीव आपल्या बुटांकडे बघत बसले. त्यांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

डॉक्टर बाहेर आले. "नातेवाईक कोण आहे? घरच्यांची परवानगी लागेल. फोनवर मिळाली तरी चालेल, सही मग इथल्या कुणीही करा."

"मुलाला लावू या!" कंपाउंडर म्हणाले. सगळे आत गेले. हेडक्लार्कांनी उशाचा मोबाइल घेतला. "मास्तर, नंबर कुठल्या नावाने?"

"राहू दे," वडील घाईने म्हणाले. "तो झोपला असेल. तिकडे रात्र असते."

"असे कसे मास्तर तुम्ही! हा बघा, 'मुलगा' म्हणून आहे." आणि त्यांनी बटण दाबलं.

चिरंजीवांच्या खिशात फोन खणखणला. वडिलांनी डोळे मिटून घेतले.

"ऑफिसचा आहे," चिरंजीव पुटपुटले आणि दार लोटून बाहेर पळाले. कॉरिडॉरच्या टोकाला, फिनेलच्या बादल्यांपाशी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांनी फोन कानाला लावला. "हॅलो."

"मास्तरांचे चिरंजीव का?" हेडक्लार्क परदेशापर्यंत पोचावं म्हणून ओरडले. सगळी हकीकत सांगून झाल्यावर म्हणाले, "तुमची परवानगी हवीय. सही इथे कोण करणार?"

"घरातल्या भाडेकरूला करू द्या."

"माणूस भरवशाचा आहे का?"

चिरंजीवांनी बुटाने समोरची बादली जरा बाजूला सरकवली. पलीकडून वडिलांचा बारीक आवाज आला, "आहे. वाईट नाही. बोलत नाही एवढंच."

परवानगी मिळाली म्हणून आत सगळ्यांना हायसं वाटलं. चिरंजीव परत आले आणि त्यांनी कागदावर सही केली. 'रुग्णाशी नाते' या रकान्यापाशी पेन बराच वेळ अडलं, तेव्हा हेडक्लार्कांनी मदतीच्या सुरात शब्द सांगितला. तो त्यांनी लिहिला.

ऑपरेशन उद्या सकाळी नऊला ठरलं. म्हातारे चहाला खाली गेले. खोलीत दोघंच उरले. चिरंजीव कॉटजवळ आले, स्टुलावर बसले, पुन्हा उठले.

"बाबा," ते म्हणाले.

वडील छताकडे बघत होते. "मुलाशी आत्ताच बोललो," ते म्हणाले. "आवाज दमलेला वाटला त्याचा. तुम्ही निघा आता. पहाटेची बस असेल तुमची."

"बाबा, अहो, मी..."

वडिलांनी तोंड भिंतीकडे वळवलं. समोरासमोर बोलायची सवय दोघांनाही उरली नव्हती आणि आज ती नव्याने लावून घ्यायला वडिलांच्या अंगात त्राण नव्हतं. चिरंजीव बाहेर आले, दार ओढून घेतलं, बादल्यांपाशी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी फोन लावला.

आत पहिली घंटी पुरती वाजलीही नाही.

"बोल रे," वडील म्हणाले.

"गुडघा कसा आहे, बाबा?"