उत्तर झाकून ठेव

तायडे मॅडमना बरोबर उत्तराचा राग येतो. गणिताच्या शिक्षिकेबद्दल असं सांगितलं की लोकांना वाटतं, हा मराठीचा मास्तर खार खाऊन बोलतोय. पण वरूडजवळच्या आमच्या शाळेत या आणि सातवीच्या वर्गाबाहेर पाच मिनिटं उभे राहा. पोरगं वही घेऊन धावत येतं, "मॅडम, झालं!" मॅडम उत्तरावर पंजा ठेवतात. "हे झाकून ठेव. डोक्शात काय काय झालं, थे बोलून दाखव."

मग पोरगं बोलायला लागतं. दुसरं म्हणतं, "मॅडम, याचं चुकून राहिलं." तिसरं त्या दुसऱ्याची चूक काढतं. असा कल्ला होतो की नवीन आलेले हेडसर एकदा मारामारी समजून धावत आले होते.

"भांडण नाही सर," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "अपूर्णांक हायेत."

उत्तर चुकलं की मात्र बाईंचा चेहरा खुलतो. एकाने अर्धा अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश असं लिहिलं. मी असतो तर लाल रेघ मारून मोकळा झालो असतो. मॅडमनी खुर्ची ओढली, हनुवटीखाली हात ठेवला. "सांग आता. समोर भाकर हाय असं समज."

"अर्धी भाकर खाल्ली मॅडम. मंग आखीन तिसरा हिस्सा खाल्ला. सारे मिळून दोन पंचमांश..." पोरगं थबकलं. "थे तं अर्ध्याहून कमी झाले! खाल्ली जास्त अन् भरली कमी? असं कसं?"

"मले काय इचारतं? भाकर तू खाल्ली."

ही सवय शाळेपुरती असती तर ठीक होतं. बाईंनी शिंप्याला, ब्लाऊजला कापड किती लागेल ते कसं ठरवलं म्हणून बोलून दाखवायला लावलं. बिचारा बाहीपर्यंत आला, बाहीचं कापड आपण दोनदा धरतोय हे त्याच्या लक्षात आलं आणि तो कपाळाला हात लावून म्हणाला, "ताई, तुमी सहा महिने आधी काहून नाही आल्या?" मलाही सोडलं नाही. मी दोन रविवार खर्चून शाळेचं वेळापत्रक केलं होतं. मॅडम म्हणाल्या, "राऊत सर, जरा बोलून दाखवा." बुधवारी चौथ्या तासाला मी स्वतःला पाचवीतही शिकवायला बसवलंय आणि आठवीतही, हे मला माझ्याच तोंडून कळलं. तेव्हापासून मी त्यांना लांबूनच नमस्कार करत असे.

मग पायलचं प्रकरण झालं. सातवीतली ही मुलगी शाळेत तोंडच उघडायची नाही. चाचणीत तिची सगळी गणितं बरोबर आली, पण कागदावर नुसती उत्तरं. रीत कुठेच नाही. पेपर तपासायला हेडसरांकडे होता, तायडे मॅडम त्या आठवड्यात रजेवर होत्या. हेडसर म्हणाले, कॉपी. वडिलांना बोलवा. पायल रडत घरी गेली आणि दोन दिवस शाळेत आली नाही.

मॅडम रजेवरून आल्या त्या तडक तिच्या घरी गेल्या आणि तिला हाताला धरून हेडसरांच्या खोलीत घेऊन आल्या. मीही होतो, कारण चाचणीला पर्यवेक्षक मीच होतो.

"पंचेचाळीस गुणिले अठरा," मॅडम म्हणाल्या.

पायलने पाटीवर आठशे दहा लिहिलं. एका झटक्यात.

"पाठ असेल," हेडसर म्हणाले.

"सांग वं बाई, कसं केलं?"

तिने एकदाच वर पाहिलं, तेही माझ्याकडे, आणि पुन्हा मान खाली घातली. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सर, तुमी जरा बाहेर जाता का?"

मी दाराबाहेर आलो आणि तेव्हा मला आठवलं. जूनमध्ये पहिल्याच आठवड्यात पायल वर्गात उभी राहून म्हणाली होती, "मले कविता येते." मी म्हटलं होतं, "मले नाही, मला. पुन्हा म्हण." सगळा वर्ग हसला होता. मीही हसलो होतो.

आतून बारीक आवाज आला. "संत्र्याची झाडं हायेत. एका वळीत पंचेचाळीस, अशा अठरा वळी. दोन-दोन वळीची जोडी लावली. एका जोडीत नव्वद झाडं. जोड्या झाल्या नऊ. नव्वद नवे आठशे दहा. आमच्या बाबांच्या वावरात मी असंच मोजतो."

मग हेडसरांचा आवाज आला, "थांब, थांब. पस्तीस गुणिले सोळा मी करून पाहतो." साठीला टेकलेला माणूस मोठमोठ्याने झाडांच्या जोड्या लावत होता, आणि पायल त्यांना सांगत होती, "सर, जोड्या आठ होतात."

दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर पायलची माफी मागितली. ते मॅडमना सांगायला म्हणून मधल्या सुट्टीत त्यांच्याजवळ बसलो. मला वाटलं, चिडवतील. त्या डबा तसाच ठेवून खिडकीबाहेर पाहत होत्या.

"माह्या भावाचं असंच झालं होतं," त्या म्हणाल्या. "वर्षानं मोठा, पण आमी एकाच वर्गात. उत्तर बरोबर, रीत नाही. गुरुजी म्हणाले, चोरी केली. साऱ्यायले इचारलं, याले करताना कोनी पाहिलं का? मले ठावूक होतं सर, तो कसा करे थे. घरी मलेच तं सांगे. पन मले भेव वाटलं. मी बोलली नाही. मंग तो शाळेत आलाच नाही."

"आता कुठे असतात?"

"अकोल्याले गॅरेज हाय त्याचं. मजेत हाय."

"त्यांना कधी सांगितलंत?"

"सांगाचं म्हणूनच जातो दर महिन्याले. भावजय ताट वाढते, पोरं आत्या-आत्या करत अंगावर येतात. तो इचारते, बरी हाय ना? मी म्हनतो, बरी हाय." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "अन् संध्याकाळच्या गाडीनं वापस येतो."