तात्यासाहेबांचं समुद्रातलं शेततळं

"शेततळ्यासाठीचा आपला अर्ज नामंजूर करण्यात येत आहे. कारण : प्रस्तावित जागेवर आधीपासूनच पाणी आहे."

तात्यासाहेबांनी मोबाईल हातभर लांब धरून हा निरोप तीनदा वाचला. समोर सारजाबाई टँकरची नळी एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात फिरवत होत्या. मार्च अर्धा सरला होता, आणि मोसंबीच्या दीडशे झाडांनी आत्ताच पानं मिटून घ्यायला सुरुवात केली होती.

"काय म्हणतंय सरकार?" सारजाबाईंनी विचारलं.

"सरकार म्हणतंय, आपल्या बागंत पाणी हाय."

सारजाबाईंनी नळी झटकली. तिच्यातून शेवटचे चार थेंब पडले. "मंग त्याला इचारा कुठं हाय. मी हंडा घिऊन येते!"

हसण्यासारखं बोलल्या, पण हसल्या नाहीत. ही बाग त्यांनी अकरा वर्षं पोटच्या पोरासारखी वाढवली होती. यंदाच्या पावसाआधी तळं खोदून झालं नाही, तर पुढचा उन्हाळा झाडं काढणार नव्हती, हे दोघांनाही कळत होतं. तळ्यांची यादी एकतीस मार्चला बंद होणार होती. म्हणजे हातात उरले चौदा दिवस.

आता हा अर्ज कुणा ऐऱ्यागैऱ्यानं भरला असता तर गोष्ट वेगळी. पण तात्यासाहेब म्हणजे फुलंब्रीच्या कचेरीसमोरचे चाळीस वर्षांचे अर्जनवीस. लिंबाखाली त्यांचं टेबल, टेबलावर शाईचे डाग, आणि तालुक्यातल्या निम्म्या जमिनींची खरेदीखतं त्यांच्या वळणदार अक्षरात. त्यांच्या दस्तात काना-मात्रेची चूक दाखवणाऱ्याला ते स्वतःच्या पैशानं चहा पाजत, असं ते सांगत. आजवर एकही कप द्यावा लागला नव्हता. याचं एक कारण असं, की त्यांच्या तोंडावर चूक दाखवायची कुणाची छाती नव्हती.

तात्यासाहेब तडक टेबलाशेजारच्या ऑनलाईन केंद्रात गेले. हे केंद्र जाहेदा चालवायची. भूगोल घेऊन बी.ए. झालेली शांत मुलगी. तात्यासाहेब तिच्या वडिलांच्या बैठकीतले, म्हणून ती त्यांना चाचा म्हणायची आणि त्यांचं ऐकायचीही. सगळा घोळ याच ऐकण्यातून झाला होता.

"बेटा, हे बघ. काय टाईप केलंस तू?"

जाहेदानं अर्ज उघडला, जागेचे आकडे नकाशात टाकले आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. पडदाभर निळं पसरलं होतं. मधोमध एक लाल टिंब. वर डोक्यावर बर्फ.

"हे काय?"

"तुमचं तळं, चाचा. नॉर्वेच्या बी वर हाय. इथून पुढं उत्तर ध्रुव."

"मी तिथं कशाला जाऊ?"

"तुम्ही नाय गेले. तुमचे आकडे गेले. इथं आधी अक्षांश टाकायचा असतो, म्हंजी उत्तरेचा आकडा, वीस. मंग रेखांश, पूर्वेचा, पंच्याहत्तर. मी त्याच दिवशी म्हणले व्हते. तुम्ही म्हणले, पूर्व आधी."

तात्यासाहेब म्हणाले होते, यात शंका नाही. कारण जमिनीच्या दस्तात चतुःसीमा लिहितात ती पूर्वेपासून. पूर्वेस अमक्याचा गट, पश्चिमेस तमक्याची विहीर, दक्षिणेस ओढा, उत्तरेस गाडीवाट. निजामाच्या काळापासून, पोलीस ॲक्शन झाल्यावरही, सरकारं बदलली पण पूर्व पहिल्या जागेवरून हलली नव्हती. शेतात उभं राहून मोबाईलवरचे आकडे तात्यासाहेबांनी वहीत उतरवले, ते याच रिवाजानं. आणि जाहेदानं 'चाचा, पण' म्हणताच त्यांनी बजावलं होतं, "पोरी, तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी जमिनी लिहितो."

आता चूक उघडी पडली होती. शहाण्या माणसानं आकडे अदलाबदल करून घेतले असते आणि घर गाठलं असतं. पण दुरुस्तीच्या अर्जात कारण विचारलं होतं आणि त्यासाठी तीनच पर्याय दिले होते : नकाशातील दोष, यंत्रातील दोष, अर्जदाराची चूक. तात्यासाहेबांची नजर तिसऱ्यावरून जी घसरली ती थांबेचना.

"बेटा, नकाशा कधी चुकत नाय का गं?"

जाहेदा प्रामाणिक होती, तिथंच फसली. तात्यासाहेबांनीच आणलेल्या मोसंबीची साल तिनं अखंड सोलली आणि टेबलावर सपाट दाबली. साल चार ठिकाणी फाटली. "बघा चाचा. पृथ्वी गोल, कागद सपाट. गोल सपाटीवर आणायचं म्हणलं की कुठं तरी फाटतंय, नाय तर ताणावं लागतंय. त्याला प्रक्षेपण म्हणतेत. म्हणून ध्रुवाकडचे देश नकाशात लई मोठे दिसतेत. पूर्ण खरा नकाशा कुणालाच काढता येत नाय."

"म्हंजी नकाशा खोटा असतो!" तात्यासाहेबांचा चेहरा उजळला. "तूच कबूल केलंस!"

"अहो पण कितीबी ताणला तरी फुलंब्री समुद्रात नाय जात!"

"ते सरकार बघंल. तू दाब, नकाशातील दोष."

जाहेदानं एकदा छताकडे पाहिलं आणि दाबलं. वर पुरावा म्हणून तात्यासाहेबांनी पाच पानी निवेदन जोडलं. त्यात मोसंबीच्या सालीचा दाखला देऊन समस्त नकाशांची अशी काही हजेरी घेतली होती, की वाचणाऱ्याला नकाशांची कीव यावी.

सरकारनं ते वाचलं, हीच खरी आपत्ती. चार दिवसांत गावच्या चावडीवर नोटीस लागली. 'गावच्या नकाशात गंभीर दोष असल्याची लेखी तक्रार प्राप्त झाल्याने संपूर्ण शिवाराची नव्याने मोजणी करण्यात येईल. मोजणी पूर्ण होईपर्यंत या शिवारातील सर्व अर्ज स्थगित.' मोजणी संपायची अंदाजे तारीख दिवाळीनंतरची होती.

नोटीस सकाळी दहाला लागली आणि अकराला तात्यासाहेबांच्या ओसरीवर तीस चपला जमल्या. गावात असा एक बांध नव्हता, जो गेल्या पन्नास वर्षांत रात्रीतून थोडा चालला नव्हता. सांडूनं गाडीवाटेवर गोठा बांधला होता. पुंजारामची विहीर गायरानात होती. एकानं तर मारुतीच्या जागेतच शेवग्याची झाडं लावली होती आणि शेंगा आधी देवाला वाहून मग विकायचा. नव्या मोजणीचं यंत्र यातलं एकही पाप झाकणार नव्हतं.

"तात्या, गावाला नागडं करता का?" सांडू म्हणाला.

"नकाशा चुकला त्याला मी काय करू?"

"नकाशा चुकला तर चुकू द्या! निजामाच्या वक्तापासून चुकलाय. आमची त्याला सवय हाय."

सगळ्यात जास्त कळवळत होता तो कारभारी. तात्यासाहेबांच्या बागेला लागून त्याचं शेत. त्यानं आपल्या बांधातले तीन फूट खाल्ले, असा तात्यासाहेबांचा बावीस वर्षांचा दावा होता. तो दावा ते कोर्टात नेत नसत. रोज सकाळी बांधावर उभं राहून कारभारीच्या नावानं पाच मिनिटं ओरडत, की दिवस चांगला जायचा. मोजणीची भीती कारभारीलाच जास्त, हे पाहून त्यांना मनातून गुदगुल्या झाल्या. आता तर तक्रार मागं घेणं शक्यच नव्हतं.

"येऊ द्या मोजणी," ते मांडीवर थाप मारून म्हणाले. "माझे तीन फूट तरी निघतील!"

तेव्हा आतून सारजाबाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात तीन-चार पिवळी पडलेली पानं होती. ती त्यांनी गावासमोर नवऱ्याच्या पुढ्यात ठेवली.

"दिवाळीला तुमचे तीन फूट निघतील," त्या म्हणाल्या. "तवा त्याच्यावर लावायला काय ऱ्हाईल? अवो, पूर्व आधी तुम्ही म्हणले. जाहेदानं मला सांगितलंय. दोन शब्द लिवायचे हायेत. चाळीस वर्षं दुसऱ्याचे गुन्हे लिवता, एक आपला लिवायला काय झालं?"

तात्यासाहेब पानांकडे पाहत राहिले. त्यांना राग आला होता, पण त्याहून जास्त लाज वाटत होती, आणि त्याहूनही जास्त त्या झाडांचं वाईट वाटत होतं. ते उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "चला."

ऐनवेळी तात्यासाहेबांचा हात आखडला तर, म्हणून गावानं कारभारी आणि सांडूला साक्षीदार म्हणून बरोबर धाडलं. सारजाबाई न सांगताच निघाल्या. केंद्रात पोचल्यावर सांडू पाच जणांचा चहा सांगायला चौकात गेला. तात्यासाहेबांनी जाहेदाकडे न बघता सांगितलं, "तिसरं दाब."

जाहेदानं 'अर्जदाराची चूक' दाबलं. तक्रार मागं घेतली गेली, मोजणी रद्द झाली. आभाळ काही कोसळलं नाही. उलट कारभारीनं खांद्यावरच्या उपरण्यानं त्यांना वारा घातला. मग तिनं आकडे सुलट टाकले. आधी वीस, मग पंच्याहत्तर. लाल टिंब समुद्रातून निघालं आणि क्षणात अर्धी पृथ्वी ओलांडून फुलंब्रीजवळ येऊन बसलं. सारजाबाईंनी पडद्याला हात जोडले.

जाहेदानं मात्र नकाशा मोठा केला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काय झालं बेटा? आता बी समुद्र हाय का?"

"समुद्र नाय, चाचा. तुम्ही कुठं उभं राहून आकडे घेतले व्हते?"

"तळं करायचं तिथंच. बांधाला लागून खोलगट पट्टा हाय. बागंत तेवढीच जागा रिकामी."

"तो पट्टा तुमच्या गटात नाय." जाहेदानं पडदा वळवला. "हद्द बांधाच्या अलीकडं साठ फुटांवर हाय. हा कारभारीचाचांचा गट."

तात्यासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. हद्द तिथंच होती. बावीस वर्षं ते तीन फुटांसाठी ओरडत होते, ते कारभारीच्या साठ फुटांत उभं राहून. "नकाशा..." असं त्यांनी म्हणायला सुरुवात केली, पण सारजाबाईंकडे पाहून ते मध्येच थांबले.

"नकाशा बरोबर हाय, तात्या," कारभारी खाली बघत म्हणाला. "तिथून आधी ओढा जायचा. तीच हद्द. बहात्तरच्या दुष्काळात ओढा आटला आन् तुमच्या वडलांनी नांगर पार पल्याड घातला. मला म्हाईत हाय."

"आन् तू बावीस वर्षं गप ऱ्हायला? माझ्या शिव्या खात?"

कारभारीनं दाराबाहेर पाहिलं. सांडू टपरीवर चहावाल्याशी हुज्जत घालत होता. कारभारी पुढं वाकला. "मोजणी मागितली असती तर तुमच्याकडून साठ फूट भेटले असते. पर दुसऱ्या अंगाला सांडूचं रान हाय. त्याला ऐंशी द्यावे लागले असते."

तात्यासाहेब पुन्हा नकाशाकडे वळले. टिंब दुसरीकडं न्यावं, तर तळ्यासाठी चाळीस झाडं तोडावी लागणार होती. टिंब तिथंच ठेवावं, तर ज्याला ते रोज चोर म्हणत आले त्याच्या संमतीची सही हवी. इतकी खरेदीखतं लिहिली, पण असं वाक्य त्यांना कधी जुळवावं लागलं नव्हतं. शेवटी सारजाबाईच बोलल्या. "भावजी, पाणी निम्मं तुमचं. झाडं तेवढी जगू द्या."

"वैनी, निम्म्या पाण्याला नाय कोण म्हणतंय? आण गं बेटा संमतिपत्र." कारभारीनं सही ठोकली आणि पेन धरूनच तात्यासाहेबांना बाजूला ओढलं. "फकस्त एक अट हाय, तात्या. सकाळचं ओरडणं बंद करायचं नाय. तुम्ही गप झाले की सांडू म्हणंल, ह्यांचा बांध मिटला कसा? आन् मंग तो त्याचा-माझा बांध मोजायला लावंल."

तेवढ्यात सांडू चहा घेऊन आला. "काय ठरलं?"

"काय ठरायचं?" कारभारी उसळून म्हणाला. "हा म्हातारा तीन फूट सोडायला तयार नाय!"

यादीत नाव अठ्ठावीस मार्चलाच लागलं आणि मेअखेर तळं खोदून झालं. पहिल्या पावसात ते अर्धं भरलं. सारजाबाई काठावर बसून त्यात पाय सोडतात, तेव्हा त्यांना कुणी हाक मारलेली चालत नाही. तात्यासाहेब ठरल्याप्रमाणे रोज सकाळी बांधावर उभे राहतात. पलीकडून कारभारी मोटार चालू करतो, निम्मं पाणी तिकडं, निम्मं इकडं येतं, आणि त्या दानशूर माणसाला बेइमान म्हणताना तात्यासाहेबांचा आवाज काही केल्या चढत नाही.

मग तळ्याच्या काठावरून सारजाबाईच दटावतात, "अवो, जरा मोठ्यानं! सांडू ऐकतोय."