तळलेल्या कुरडया

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. तुम्ही नऊ वर्षांची क्रांती आहात. घर आटपाडीचं. आजीचा डोळा चुकवून तुम्ही डब्यातली एक कच्ची कुरडई पळवली आहे, पण ती काही केल्या दाताने तुटत नाही. मग तुम्ही काय कराल? क्रांतीने ती फ्रॉकच्या खिशात टाकली आणि ती जेवायला बसली.

पंगतीत तिची नीलिमाआत्या, म्हणजे बाबांची चुलत बहीण, होती. ती युरोपात राहते. तीनशे वर्षांपूर्वी तिकडे व्हायोलिन कसं वाजवत, हे जुनी हस्तलिखितं वाचून शोधायचं आणि तसंच वाजवून पाहायचं, हे तिचं काम. त्या काळी व्हायोलिनला मेंढीच्या आतड्याच्या तारा लावत, म्हणून आत्याही त्याच लावते. इतकी वर्षं कुणीच न वाजवलेली एक धून तिला नुकतीच सापडली होती. ती सगळ्यांच्या आधी आप्पासाहेबांना ऐकवायची, असं तिने ठरवलं होतं. लष्कराच्या बँडातून निवृत्त झालेल्या आप्पासाहेबांनीच लहानपणी तिच्या हातात आपलं व्हायोलिन दिलं होतं आणि फी म्हणून फक्त रियाज मागितला होता. आत्या पहाटेच परत निघणार होती, म्हणून आज त्यांना मुद्दाम जेवायला बोलावलं होतं.

आप्पासाहेब मघापासून एकच घास चावत होते.

"कुरडई जरा चिवट हाय," ते म्हणाले. "पण चव हाय. पलटणीत लय कायकाय चावलंय आमी."

आक्काताईंनी, म्हणजे क्रांतीच्या आजीने, डोळ्यांनीच त्यांना गप्प केलं. नीलिमाने स्वतः केलेल्या कुरडया आणल्यात, त्या तेलात फुलायच्या सोडून आक्रसल्या, पण पोरीला कुणी काही बोलायचं नाही, असं त्यांनी सगळ्यांना आधीच बजावलं होतं.

जेवणं झाली. अंगणात सतरंजी पसरली, शेजारीपाजारी जमले. आत्याने व्हायोलिन सुरात लावायला घेतलं आणि आटपाडीच्या कोरड्या हवेत सर्वांत बारीक तार तटकन तुटली. आत्या हसली. जादा तारा होत्या ना. ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही.

"काकी, माझ्या बॅगेजवळचा स्टीलचा डबा पाहिलात?"

"त्यो व्हय? घासून ठेवलाय की," आक्काताई म्हणाल्या. "म्हायेरी येणारी लेक डबा आणतीच. कुरडया लगीच तळल्या मी."

जादा तारांची वेटोळी त्याच डब्यात होती. पण आक्काताईंचा चेहरा इतका कौतुकाने भरला होता, की तिला खरं सांगवेना. "बरं केलंत," एवढंच ती म्हणाली. मग हळूच डोळे पुसले. आता आप्पांना काय ऐकवायचं?

ते क्रांतीने पाहिलं. तिने खिशात हात घातला.

"आत्या, ही चालंल का? एका टोकाला जरा चावलीय."

आत्याने वेटोळं उलगडलं, चावलेलं टोक कापलं आणि तार चढवली. तार टिकली. अंगणात ती धून सुरू झाली, आणि आप्पासाहेब मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग आत्या त्यांच्या पाया पडली. "तुम्ही दिलेलंच वाजवतेय, आप्पा," ती म्हणाली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. नंतर ते क्रांतीकडे वळले.

"पोरी, मघाची कुरडई हाय का एखादी? चघळायला बरी वाटती."

क्रांतीने आत्याकडे पाहिलं. आत्याने मान हलवून 'सांगू नको' असं खुणावलं. मग क्रांती आप्पासाहेबांच्या कानाशी वाकली.

"संपल्या, आप्पा. शेवटची तुमी आत्ताच ऐकली."